लिंबू टोचलेल्या संगिनीमागे

माणसं निवृत्त झाल्यावर काशीला जातात, मी किल्लारीला गेले. निघताना नवऱ्यानं विचारलं, "तिथं काय आहे?" म्हटलं, "संगीन असेल, बहुतेक." त्यानं पाण्याची बाटली भरून पिशवीत ठेवली आणि दार लावून घेतलं.

त्याचं बरोबर आहे. फौजेसाठी हत्यारं बनवणाऱ्या एका कारखान्यात माझी सगळी नोकरी संगिनीच्या टेबलावर गेली. संगीन म्हणजे बंदुकीच्या तोंडाला लावायचं पातं. गोळ्या संपल्या आणि शत्रू अंगावर आला तर भोसकायला. माझं काम भोसकण्याचं नव्हतं, तपासण्याचं होतं. लांबी बरोबर आहे का, पातं सरळ आहे का, मुठीतला खटका टक्कन बसतो का. बसला तर पसंत, नाही तर परत. माझ्या हातून गेलेल्यांपैकी एकीनंही कुणाला ओरखडा काढल्याचं ऐकिवात नाही. रजेवर आलेल्या जवानांना मी मुद्दाम विचारायची. ते म्हणायचे, "डबा उघडायला लय बेस, बाई."

तिचा जन्मही म्हणे नाइलाजातूनच झाला. फ्रान्सात बायोन नावाचं गाव आहे. तिथल्या शेतकऱ्यांची भांडणात बंदुकीची दारू संपली, तेव्हा त्यांनी सुऱ्यांच्या मुठी सरळ नळीत खुपसल्या आणि बंदुकीचा भाला केला. खरंखोटं बायोनवाल्यांना ठाऊक. पुढं फौजांनीही तेच उचललं. अडचण एवढीच की सुरी नळीत असेपर्यंत गोळी सुटत नसे. ही अडचण सरदार लोकांच्या ध्यानात यायला बरीच वर्षं गेली. मग पात्याला कडी आली, कडीतून नळी जायला लागली, आणि माणसाला एकाच वेळी गोळी घालण्याची आणि भोसकण्याची सोय झाली. पुढं बंदुका सुधारत गेल्या आणि संगीन आखूड होत गेली. आता ती सुरीएवढी उरली आहे. परेडला मात्र अजून हीच लागते.

तर माझ्या शेजारच्या टेबलावर शीला होती. निलंगा तालुक्यातली. माझ्यानंतर निवृत्त झाली आणि म्हाताऱ्या वडिलांसाठी गावी परतली. ह्या वैशाखात तिचा फोन आला. "सुमन, आमच्या दादांची संगीन हरवलीय. किल्लारीला गेली ती आलीच नाही. म्हातारा अन्नाला शिवंना. तू ये."

मी म्हटलं, "डॉक्टरला बोलव की."

"डॉक्टरला संगिनीतलं काय कळतंय?"

हे मात्र बिनतोड होतं. म्हणून निघाले.

निलंग्याजवळचं गाव

गावाचं नाव लिहायचं नाही, असं शीलानं बजावलं आहे. निलंग्यापासून उसाच्या ट्रॉल्या चुकवत जीपनं जायचं, हे सांगितलं तरी चालेल.

दादा, म्हणजे शीलाचे वडील, दारासमोर कडुलिंबाखाली बाजेवर बसले होते. वय ऐंशीच्या पुढं. सदरा पांढराशुभ्र, तोंड रस्त्याकडं. मी पाया पडले तर म्हणाले, "पडू नको. बस. चहा घेतीस का?" आमच्याकडं साताऱ्याला आधी पाणी विचारतात, मग कुठून आलात, मग जात कळेपर्यंत इकडचं तिकडचं, आणि मग चहा. इथं चहा पहिला. मी घेतला. शेवटचा घोट पोटात जाईपर्यंत दादा माझ्या कपाकडंच बघत होते.

मग त्यांनी संगिनीची गोष्ट सांगितली. त्यांच्याच तोंडची देते.

"बहात्तरच्या दुष्काळात पाटलाची हीर आटली. गाळ काढाय आमाला उतरिवलं. गाळात पायाला काय तर लागलं. म्हणलं साप का काय! वढून काढलं तर ही. निजाम गेला तवा, पोलीस ॲक्शनच्या टायमाला, ज्याच्या घरात हत्यार, त्यानं ते हिरीत टाकून दिलं हुतं बघ. पाटील म्हणला, गंजलंय, ने तुला."

विहिरीत उतरायला चालत होतं, पाणी शेंदायला चालत नव्हतं. हे मला शीलानं नंतर सांगितलं. दादांनी ते सांगायच्या लायकीचंही धरलं नव्हतं.

त्यांनी ती विटकरीनं घासली, राखेनं घासली, खोबरेल लावलं आणि आढ्याला खोचून ठेवली. दोन-तीन वर्षांनी पाटलाच्या मुलाचं लग्न निघालं. हळद लागल्यापासून लग्न लागेपर्यंत नवरदेवाच्या हातात कट्यार असते, टोकाला लिंबू टोचलेलं. नजर लागू नये, भूतबाधा होऊ नये म्हणून. आमच्याकडंही असते. फक्त आमच्याकडं हल्ली ती मांडववाल्याकडून येते, खुर्च्यांबरोबर. पाटलाच्या घरची कट्यार मात्र वाटणीत भावाकडं गेलेली, आणि भाऊ-भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते. तेव्हा पाटलाला विहिरीतलं लोखंड आठवलं. त्यानं गडी पाठवला.

"मी म्हणलं, गड्याच्या हातात देणार न्हाई. नवरदेवाला पाठवा. अन् त्यानं मपल्या घरचा चहा पिऊन न्यावी."

"मग?"

"मग काय? दोन दिवस गावाला दुसरं बोलणंच न्हाई. तिसऱ्या दिशी आला. हितं, ह्याच जागी हुभा ऱ्हायला. म्हणलं, बस. बसला. अर्धा कप पेला. म्हणलं, पुरा पी."

"प्यायला?"

"न पिऊन सांगतो कुणाला? लगीन हुतं त्याला."

ते लग्न चांगलं निघालं. भरपूर पोरं झाली, नवरा-बायकोचा आवाज रस्त्यावर आला नाही. झालं. ह्या संगिनीनं लागलेलं लग्न मोडत नाही, अशी बोलवा उठली, आणि पंचक्रोशीतला प्रत्येक नवरदेव दादांच्या दारी यायला लागला. प्रत्येकाला चहा. पुरा. लग्न झालं की आणून द्यायला परत यायचं, तेव्हा पुन्हा चहा. मग दादा तिला पुसून खोबरेल लावून वर खोचणार.

"तुमच्या पोरांच्या हातात दिली का कधी?" मी विचारलं.

"आमाला कशाला? आमची लग्नं बुद्धवंदना म्हणून लागतेत. लिंबू आमी सरबतात टाकतो."

आणि आता तीन उन्हाळे ती परत आलेली नव्हती. किल्लारीच्या एका नवरदेवानं नेली, त्याच्याकडून पुढं कुणी, त्याच्याकडून आणखी कुणी. मोबाइलवर ठरतं आणि परस्पर जाते. दादांच्या दारी कुणी येत नाही. ताट निम्मं परत जातं.

"लोखंडाचं मला काय न्हाई गं," दादा म्हणाले. "पर वस्तू मपली हाय. मपल्या दारातून जाया पायजे, मपल्या दारात याया पायजे. मधल्यामधी फिरवाया ती काय एसटी हाय?"

मला वाटलं, काम सोपं आहे. हरवलेला माल शोधायचा आणि जागेवर आणून ठेवायचा. जन्मभर दुसरं काय केलं?

किल्लारी

किल्लारीत घरं वहीत आखल्यासारखी एका ओळीत आहेत. भूकंपानंतर गाव नवीन बसवलं, रस्ते रुंद काढले. इथल्या माणसांच्या बोलण्यात सन नसतो. "भूकंपाच्या आधी" किंवा "भूकंपाच्या मागं" एवढंच. कुणाचं वय विचारलं तरी तसंच सांगतात, आणि आपण पुढं विचारत नाही.

शोभाबाईंच्या घरात मला आणि शीलाला पंख्याखाली बसवलं. ह्यांच्याच थोरल्या मुलानं संगीन दादांकडून शेवटची नेली होती. बाई मोठी गोड. ज्वारीची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वर तेलाची धार. मी दोन खाल्ल्या. तिसरी त्यांनी विचारलीच नाही, सरळ वाढली.

"आमीच आणून देणार हुताव," त्या म्हणाल्या. "पर मपल्या भावाच्या पोराचं लातूरला लगीन निघालं. म्हणलं, कशाला म्हाताऱ्या माणसाला तरास? हितूनच धाडली."

"दादांना त्रास नव्हता झाला," शीला म्हणाली.

"तसं न्हवं गं माय. येणं-जाणं, चहापाणी, किती करंल एकटा माणूस!"

मी मुलाला विचारलं, संगिनीवर काही छाप दिसला का, मुकुट, अक्षरं? तो म्हणाला, "मावशी, लग्नात ध्यान कुठं राहतंय?" खरं आहे. माझ्याही लग्नात काय काय झालं ते मी फोटोतच बघितलं.

लातूर

लातुरात उतरलं की आधी पोरांचे चेहरे दिसतात. चौकाचौकात फलक, फलकांवर गुण मिळवलेली मुलं, हाताची घडी घालून, चेहऱ्यावर हसू नाही. जिकडंतिकडं शिकवण्या आणि खानावळी. शोभाबाईंचे भाऊ अशाच एका गल्लीत खानावळ चालवतात. सगळे त्यांना मामा म्हणतात, म्हणून आम्हीही म्हटलं.

"काय करलालाव इकडं, ह्या उन्हात?" मामांनी विचारलं. संगीन म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "अरारारा! काय वस्तू हाय वो! मपल्या पोरानं हातात धरली अन् ल्हान भाऊ म्हणला, मला बी हीच पायजे. मग त्याचं बी उरकलं."

"आता कुठं आहे?"

"मपल्या साडूकडं, नांदेडला. त्याच्या भाच्याचं लगीन हाय."

"दादांकडं का नाही पाठवली?"

मामांनी हातातला झारा खाली ठेवला. "बाई, खरं सांगतो, आमाला वाटलं त्येन्ला तरास नको."

मी शीलाकडं बघितलं. तिनं भिंतीकडं बघितलं.

मामांनी निलंगा राईस खाऊ घातला. हा पिवळा, तिखट, भज्यांबरोबर खायचा भात. शीला म्हणाली, निलंग्यात ह्याहून बरा मिळतो. मामा म्हणाले, निलंग्यात फक्त नाव मिळतं. त्यावर दोघांचं बराच वेळ चाललं. बापाच्या संगिनीसाठी शीला एवढी भांडली नव्हती.

मग मामांनी मोबाइलमधून फोटो काढून दाखवला. नवरदेव, फेटा, मुंडावळ्या, आणि हातात ती. चष्मा पुसून बघितली मी. आहाहा! जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफलीची लांब संगीन. मूठ अक्रोडाच्या लाकडाची, पातं हातभर. आताच्या माझ्या सुऱ्या तिच्यासमोर नातवंडं. ज्या कडीतून बंदुकीची नळी जायची, त्या कडीत कुणीतरी झेंडूची माळ ओवली होती आणि ती तिथं इतकी नेमकी बसली होती की बनवणाऱ्यानं त्यासाठीच कडी ठेवली असावी, असं वाटावं.

"फोटोतच चांगली दिसते," शीला म्हणाली. "टोक बघ."

टोक काळं पडलं होतं. लिंबाचा आंबटपणा लोखंड खातो. दादा दर लग्नानंतर पुसून तेल लावायचे, म्हणून ती एवढी टिकली. आता तीन उन्हाळे कुणी पुसली नव्हती.

नांदेड

साडूंनी फोनवरच सांगितलं, वस्तू धर्माबादला गेली, उद्या भाच्याचं लग्न आहे, तुम्ही पण या की. आमंत्रण मिळाल्यानं आमचा शोध एकदम अधिकृत झाला.

रात्री नांदेडात राहिलो. गुरुद्वाऱ्याच्या भोवती तलवारी आणि कृपाणांची दुकानं आहेत. मी एका दुकानात शिरले आणि सवयीनं एक कृपाण उचलून डोळ्याच्या रेषेत धरून पातं सरळ आहे का बघायला लागले. दुकानदार सरदारजी, पण मराठी बोलणं अस्सल नांदेडी. "काय करायलाव, मावशी? घ्यायची का कुणाला मारायचं?"

"किंचित डावीकडं वाकलंय," मी म्हटलं.

त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, तशीच बघितली आणि जागेवर ठेवली. "मावशी, ही भिंतीवर लावतेत. भिंतीला काय फरक पडतो?" एवढं बोलून त्यांनी आम्हाला लंगरचा रस्ता दाखवला.

लंगरमध्ये जमिनीवर रांगेत बसलो. डाळ, पोळी, खीर. माझ्या एका बाजूला चंदीगडकडचं कुटुंब, दुसऱ्या बाजूला हमाल, समोर एक बाई हातात सोन्याच्या पाटल्या घालून पोळ्या वाढत होती. कुणी कुणाला काही विचारलं नाही. शीला जेवत होती आणि मधेच थांबली. म्हणाली, "सुमन, आमच्या दादाला हे करायला एक संगीन लागली गं." आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी तिच्या ताटात खीर घातली. मला पण भरून आलं होतं, पण खीर गरम होती म्हणून निभावलं.

धर्माबाद

धर्माबाद मिरचीचं गाव. स्टेशनाबाहेर पाऊल ठेवलं आणि दोघींना शिंका सुरू झाल्या. गाववाल्यांना काही होत नाही. तेलंगण इथून हाकेवर, त्यामुळं मंगल कार्यालयात निम्मे पाहुणे तेलुगू बोलत होते. आम्ही कोण हे कुणी विचारलं नाही. एका आजीबाईंनी हाताला धरून पंगतीत बसवलं आणि "तिनंडी, तिनंडी" म्हणत जिलेबी वाढत राहिल्या. खा म्हणतायत एवढं कळलं. लग्नात कुठल्याही भाषेत हाच एक शब्द लागतो.

नवरदेव मारुतीला जाऊन परत आला. घोड्यावर. हातात संगीन, टोकाला लिंबू. दारात फुग्यांची कमान होती. घोडा मिरचीनं शिंकला की काय माहीत नाही, पण त्यानं मान झटकली, नवरदेवाचा हात वर गेला, लिंबू उडालं आणि संगीन कमानीत घुसली. फटाफट फटाफट! डावी बाजू सगळी गेली. बँडवाले थांबले. एवढ्या नोकरीत मी पहिल्यांदाच संगिनीचा हल्ला बघितला. परिणामकारक होता.

नवीन लिंबू येईपर्यंत गोंधळ होता, तेवढ्यात शीलानं नवरदेवाच्या आईला गाठलं. बाई घामानं निथळत होत्या.

"ही संगीन कुणाची, माहीत आहे का तुम्हाला?"

"हाव की. पाटलाची हाय म्हणे, निलंग्याकडच्या."

शोभाबाई, मामा, साडू, सगळ्यांनी वस्तू पुढं दिली होती आणि वाटेत कुठंतरी दादांचं नाव गळून पडलं होतं.

"पाटलाची न्हाई," शीला म्हणाली. संगिनींचा अख्खा घाणा नापास करताना ती टेबलावर ज्या आवाजात बोलायची, तोच आवाज. "मपल्या बापाची हाय. त्यानं विहिरीतून काढली. अन् ती न्यायची तर नवरदेवानं त्याच्या घरी चहा प्यावा लागतो. तुमच्या पोरानं पेला न्हाई."

बाईंनी पदरानं घाम पुसला. पण घोड्यावरच्या पोरानं ऐकलं होतं. ऋषिकेश त्याचं नाव. तो वाकून म्हणाला, "काकू, आम्हाला कुणी सांगितलंच न्हाई. लग्न झालं की मी सोता आणून देतो. चहा पिऊन जातो."

"असं कसं?" आई म्हणाली. "तुळजापूरला देवीचं दर्शन झाल्याबिगर नवीन जोडपं दुसऱ्याच्या घरी पाय ठेवत न्हाई. आपल्यात चालत न्हाई."

आता इथं माझं तोंड उघडलं. टेबलावरून गेलेला नग टेबलावर परत आल्याशिवाय आम्ही घरी जात नसू. तीन उन्हाळे भटकलेली वस्तू समोर होती, आणि ती पुन्हा कुणाच्या भरवशावर सोडायची, हे माझ्या अंगातच नाही. मी म्हटलं, "कशाला तुम्हाला त्रास? लग्न लागलं की आमच्याकडं द्या. आम्हीच नेतो."

आईचा जीव भांड्यात पडला. ऋषिकेशनं शीलाकडं बघितलं. शीला फुटलेल्या फुग्यांकडं बघत होती. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, आणि नवरीच्या शेजारी उभं राहून त्यानं ती माझ्या हातात दिली. आईनं खणात गुंडाळून वर नारळ ठेवला. पातं सरळ होतं, खटका बसत होता. टोक सोडलं तर मी पसंत केली असती.

परत

देगलूर, उदगीर करत बसनं आलो. कंडक्टरनं मांडीवरच्या गाठोड्याला हात लावून विचारलं, हे काय? म्हटलं, लग्नातली कट्यार. म्हणाला, "मग नीट धरा, लोकांस्नी लागंल." विषय संपला. पुण्यात ह्याच गाठोड्यासाठी मला चौकीत बसवलं असतं.

दादा बाजेवरच होते. शीलानं खण सोडला आणि संगीन त्यांच्या मांडीवर ठेवली. मी बाजूला उभी, बक्षीस मिळणाऱ्या मुलीसारखी.

दादांनी बोट फिरवलं. टोकाशी बोट थांबलं. मग त्यांनी रस्त्याकडं बघितलं.

"अन् पोरगा?"

"कोण पोरगा?" मी म्हटलं.

"नवरदेव. कुठं हाय?"

"धर्माबादला. तो येतो म्हणत होता, पण म्हटलं कशाला त्याला त्रा..."

शब्द माझ्या तोंडातच अडकला. किल्लारीपासून हाच शब्द ऐकत आले होते, आणि प्रत्येकाच्या तोंडी तो मला लबाड वाटला होता.

"येतो म्हणला हुता?" दादांनी विचारलं.

"हो."

"अन् तुमी न्हाई म्हणलाव."

रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त, "बरं," म्हणाले. "आता कशाला यील तो? वस्तू तर आली." मग शीलाला म्हणाले, "बाईला जेवाय वाढ. लई हिंडलीया."

अगं बाई, मला ते जेवण उतरेना! जन्मभर वस्तू मोजत आले आणि म्हाताऱ्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, लोखंडाचं मला काही नाही. कानानं ऐकलं, डोक्यात गेलं नाही. शीला म्हणाली, "मी तरी कुठं अडवलं तुला?" आणि दोघी चुलीपाशी बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी दादांनी संगीन पुसली नाही. आढ्याला खोचलीही नाही. बाजेवर शेजारी टाकून दिली होती, काठीसारखी. सकाळचं ताट तसंच परत आलं. मी पिशवी भरायला घेतली. दुपारची निलंग्याची जीप धरायची होती.

ऊन चढलं होतं. गल्लीत एक पांढरी गाडी शिरली, दारात थांबली. पुढच्या काचेला अजून फुलं चिकटलेली. ऋषिकेश उतरला, मागून हिरव्या चुड्यातली नवरी उतरली. आई गाडीतच बसून राहिली, काच वर. तुळजापूरला निघाले होते आणि वाट वाकडी करून, विचारत विचारत, दर्शनाच्या आधी, इथं आले होते. आत गाडीत काय बोलणं झालं असेल ते आईच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

दादांनी डोळ्यांवर हात धरून बघितलं. ह्या पोराला त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. पण फेट्याच्या वळाची खूण कपाळावर, हाताला हळद, नवरदेव आहे हे कुणीही सांगितलं असतं.

"काय पायजे?" दादांनी विचारलं. "वस्तू पोचली मला."

"ठाऊक हाय," ऋषिकेश म्हणाला. तो उन्हात उभा होता, हात मोकळे. न्यायला काही नव्हतं, द्यायला काही नव्हतं.

"मग?"

"चहा पाहिजे, दादा."

इतक्या वर्षांत ह्या दारी असं मागणं घेऊन कुणी आलं नव्हतं. दादांनी शेजारची संगीन उचलली, वाकून बाजेखाली सरकवून दिली, आणि रिकामी झालेली जागा हातानं झटकली.

"बसा," ते म्हणाले. "दोघं बी बसा."